प्रेमसिंगचं प्रमेय

परदेशातून बोलावणं आलं, ते ज्योत्स्नानं आधी नवऱ्याला सांगितलं नाही. कॉलेज सुटल्यावर ती मंगरूळपीरहून मानोऱ्याच्या बसमध्ये बसली, तिथून जीपनं पोहरादेवीच्या अलीकडच्या फाट्यावर उतरली आणि उन्हातून चालत तांड्यावर गेली. प्रेमसिंगचा बाप धरमसिंग अंगणात तुराट्यांचा खराटा बांधत बसला होता.

"बाबा, प्रेमसिंगभाऊचं काम मांडाले बोलावलं हाय. श्रीलंकेत. गणिताची परिषद हाय, आजूबाजूच्या सगळ्या देशांची."

म्हाताऱ्याला आधी नीट ऐकू आलं नाही. तिनं पुन्हा सांगितलं तेव्हा त्यानं हातातली दोरी खाली ठेवली.

"लंकेत? रावणाच्या गावाले?"

"हाव."

"अन् तिथं माह्या पोराचं नाव घेशीन?"

"पहिलं नाव त्यायचंच हाय, बाबा. माहं मागून."

धरमसिंग हसला. प्रेमसिंग गेल्यापासून त्याला हसताना तिनं पाहिलं नव्हतं. त्यानं घराकडं तोंड करून आपल्या बंजाऱ्यांच्या गोरमाटी बोलीत हाक मारली, तशी त्याची बायको भुरीबाई हात पुसत बाहेर आली आणि तिच्यामागून सून रुचिका. म्हाताऱ्यानं दोघींना सांगितलं. भुरीबाईनं ओढणीचं टोक डोळ्यांना लावलं. रुचिका पाण्याचा गडवा ज्योत्स्नापुढं ठेवून आत निघून गेली.

ज्योत्स्ना इंझोरीच्या शेतकऱ्याची मुलगी, शेलूबाजारात दिलेली. नवरा लखन तिथं बी-बियाण्यांचं दुकान चालवायचा. प्रेमसिंग या तांड्यावरचा. आईबाप दर हिवाळ्यात ऊसतोडीला जायचे आणि तो आश्रमशाळेत राहून शिकला. दोघं एकाच कॉलेजात गणित शिकवत होते, दोघंही तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास तेवढाच पगार आणि उन्हाळ्यात तोही नाही. कायम होण्याची आशा दोघांनी केव्हाच सोडून दिली होती. त्यामुळंच की काय, ज्याची त्यांच्याकडून कोणी अपेक्षाही केली नसती असं काम त्यांनी हाती घेतलं.

प्रश्न सांगायला सोपा होता. प्रेमसिंग तो अकरावीच्या पोरांनाही सांगायचा. कागदावर ठिपके काढा. ते रेघांनी असे जोडा की कुठंही वेढा तयार होणार नाही, नुसत्या फांद्या फुटत जातील. गणितातसुद्धा याला झाडच म्हणतात. आता शून्यापासून ओळीनं, जितके ठिपके तितकेच आकडे ठिपक्यांना वाटून द्या, एकही आकडा दोनदा नाही. मग प्रत्येक रेघेवर तिच्या दोन टोकांची वजाबाकी लिहा. या वजाबाक्यांतही एकही आकडा दोनदा येता कामा नये. असे आकडे कुठल्याही झाडाला देता येतात का? आजवर हे कोणाला सिद्ध करता आलं नाही, आणि कोणाला खोटंही पाडता आलं नाही.

सगळ्याच झाडांचा नाद त्या दोघांनी धरला नाही. झाडांच्या एका मोठ्या कुळापुरतं तरी हे जमतंच, एवढं सिद्ध करायला घेतलं. झाड तोडून त्याच्या तुकड्यांना आकडे द्यायचे, हा भाग ज्योत्स्नाचा. तुकडे परत जोडताना वजाबाक्या एकमेकींवर येत नाहीत हे दाखवायचं, हा भाग प्रेमसिंगचा. त्याला दोघंही नुसतं 'जोडणी' म्हणत. सगळं काम त्या जोडणीवर उभं होतं.

तास संपले की रिकाम्या वर्गात दोघं फळ्यापुढं उभे राहायचे. कॉलेजात कुजबुज झाली, ती लखनच्याही कानावर गेली. एक दिवस तो न सांगता आला आणि मागच्या बाकावर जाऊन बसला. फळ्यावर ती दोघं एका रेघेवरून इतकी भांडत होती की त्याच्याकडं कोणाचं लक्षच गेलं नाही. गाडीवर घरी जाताना तो म्हणाला, "लोकं बी काय बोलतात. तुमी दोघं तं निरे पागल आहा." त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही.

जोडणी प्रेमसिंगला एका उन्हाळ्याच्या सुटीत जमली. त्यानं तांड्यावरून फोन केला. "ताई, जुळलं! पुरं जुळलं!" त्याच्यामागून रुचिकाचा आवाज येत होता, ताट कवाचं वाढून ठेवलं म्हणून.

त्याच वर्षी पावसाळा संपता संपता प्रेमसिंग वर्गात शिकवताना खुर्चीला धरून खाली बसला. डोकं फुटून राह्यलं म्हणाला. अकोल्याला नेईपर्यंत वाटेतच गेला. डोक्यातली नस फुटली होती, असं डॉक्टरांनी सांगितलं. मागं म्हातारे आईबाप, रुचिका आणि दोन लहान लेकरं.

शोधनिबंध ज्योत्स्नानं एकटीनं पुरा केला. जोडणीचा भाग तिनं प्रेमसिंगच्या अक्षरातून जसाच्या तसा उतरवून घेतला. तपासला नाही असं नाही. पण गेलेल्या माणसाचं अक्षर माणूस ज्या डोळ्यांनी वाचतो, त्याच डोळ्यांनी तपासला. एका नियतकालिकानं तो स्वीकारला, छापायच्या रांगेत लावला, आणि त्याच्याच आधारावर हे बोलावणं आलं.

परिषद होती ते कँडी हे डोंगरातलं शहर आहे. मध्ये तळं, भोवती हिरव्या टेकड्या. वाशिम जिल्ह्यात मार्चमध्ये नजर जाईल तिथं पिवळं पडलेलं असतं, त्यामुळं तिला ती हिरवळ खोटीच वाटली. विद्यापीठाच्या आवारात नेपाळचे, बांगलादेशचे, थायलंडचे, भारतातल्या मोठ्या संस्थांतले लोक गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून फिरत होते. ज्योत्स्नाच्या पट्टीवर तिच्या कॉलेजचं नाव होतं. ते वाचून लोक विचारायचे, हे कुठं आलं? ती सांगायची, नागपूरच्या बाजूला.

तिचं व्याख्यान दुसऱ्या दिवशी होतं. पडद्यावर पहिलं चित्र तिनं प्रेमसिंगचं लावलं. कॉलेजच्या गॅदरिंगमधला फोटो, अंगात नवा शर्ट, चेहऱ्यावर अवघडलेपण. "हे काम आम्हा दोघांचं आहे," ती इंग्रजीत म्हणाली, "आणि त्यातला अवघड भाग यांचा आहे. ते आता नाहीत." मग ती बोलत गेली. आधी जीभ अडखळली, मग अडखळायची थांबली. झाडं तोडली, आकडे दिले, जोडणी दाखवली. संपल्यावर टाळ्या वाजल्या, नुसत्या शिष्टाचाराच्या नव्हत्या, मनापासूनच्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या प्राध्यापकानं मान डोलावली. ज्योत्स्नाला वाटलं, आता फोन करून सांगावं. आणि ज्याला सांगावं तोच नाही, हे तिला नेहमीसारखं जरा उशिरा आठवलं.

कोणाला काही विचारायचं आहे का, असं अध्यक्षांनी म्हटल्यावर मागून एक मुलगी उभी राहिली. बांगलादेशातल्या राजशाहीहून आलेली, फरहाना नावाची, नुकतंच संशोधन सुरू केलेली.

"माफ करा, मलाच समजलं नसेल," ती म्हणाली. "जोडणीमध्ये, खोडावरच्या शेजारच्या दोन फांद्या सारख्याच लांबीच्या असल्या, तर या दोन वजाबाक्या वेगळ्या राहतात हे कशावरून?"

"ते पुढच्याच ओळीत आहे," ज्योत्स्ना म्हणाली, आणि तिनं पुढची ओळ पडद्यावर आणली.

पुढच्या ओळीत लिहिलं होतं, हे उघडच आहे.

तिनं ती ओळ वाचली. पुन्हा वाचली. प्रेमसिंगला उघड होतं म्हणून तिलाही उघड वाटलं होतं. आता इतक्या माणसांसमोर उभं राहून ते कशावरून उघड आहे हे तिला सांगता येईना. ती म्हणाली, "मला एक मिनिट द्या," आणि फळ्याकडं वळली. हातात खडू तसाच राहिला. अध्यक्ष चांगले गृहस्थ होते. वेळ संपत आली आहे, बाकीचं चहाच्या वेळी बोलू, असं म्हणून त्यांनी पुढच्या वक्त्याला बोलावलं.

चहा घेऊन ती आणि फरहाना कँटीनच्या कोपऱ्यात बसल्या. फरहानानं मोठा कागद पसरला आणि एक झाड काढलं. चांगलं लांब खोड, त्यावर शेजारी शेजारी सारख्या फांद्या. दोघींनी मिळून, निबंधात लिहिलंय अगदी तस्संच, एकेक पायरी करत आकडे भरले. ज्योत्स्ना मनातल्या मनात प्रत्येक आकड्याला सांभाळून घेत होती. शेवटी दोन रेघा उरल्या. दोन्हींवर एकच वजाबाकी आली.

"कुठंतरी चुकलं असेल," ज्योत्स्ना म्हणाली.

त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तेच आलं. प्रेमसिंगनं आणि तिनं संगणकावर पुष्कळ झाडं तपासली होती, पण ती सगळी लहान होती. लहान झाडांत हा पेच पडतच नव्हता.

"या झाडाला दुसऱ्या कुठल्या तरी रीतीनं आकडे देता येतील," फरहाना हळूच म्हणाली. "पण या रीतीनं नाही. आणि अशी झाडं कितीही काढता येतील."

दुपारभर त्या दुरुस्ती शोधत राहिल्या. इथं ठिगळ लावलं की तिथं उसवायचं. फांद्यांचा क्रम बदलला, मोजणी उलट्या टोकापासून केली, खोड वेगळ्या जागी तोडून पाहिलं. शेवटी फरहानानं पेनाला टोपण लावलं.

"मी विचारायला नको होतं," ती म्हणाली. पडद्यावरचा फोटो तिनंही पाहिला होता.

"नाही, विचारायलाच हवं होतं," ज्योत्स्ना म्हणाली. म्हणाली खरी, पण त्या घडीला ही मुलगी समोरून नाहीशी व्हावी एवढंच तिला वाटत होतं.

संध्याकाळी सगळ्यांना बसनं शहरातलं बुद्धाचं मोठं मंदिर दाखवायला नेलं. ज्योत्स्ना गेली नाही. वसतिगृहाच्या पायऱ्यांवर बसली. फोन वाजला. लखननं वर्तमानपत्रातलं एक कात्रण पाठवलं होतं. 'तांड्यावरच्या प्राध्यापकाचे प्रमेय सातासमुद्रापार', खाली प्रेमसिंगचा फोटो आणि व्याख्यानाआधी तिनंच पाठवलेलं, निबंधातल्या झाडाचं चित्र. लखननं लिहिलं होतं, 'मीच देल्ली बातमी. कशी वाटली?' तिनं फोन पालथा ठेवला.

शेलूबाजारच्या स्टँडवर लखन गाडी घेऊन उभा होता. बाजाराचा दिवस होता. दोन ओळखीच्या माणसांनी तिला थांबवून हात जोडले. पानठेल्यावरच्या एकानं विचारलं, "म्याडम, लंका जिंकून आल्या म्हणे?" घरी पोहोचून दार लावल्यावर ती म्हणाली, "चुकीचं निघालं."

"काय चुकीचं निघालं?"

"जोडणी. प्रेमसिंगभाऊची. ते सिद्धच होत नाई."

लखननं तिची बॅग खाली ठेवली. "मंग दुरुस्त कर ना."

"करून पाह्यलं. होत नाई."

"बस, होईन मंग सावकाश. कोणाले सांगू नको सध्या. पेपरात आलं हाय." तो पाणी आणायला आत गेला आणि आतूनच म्हणाला, "अन् तांड्यावरून फोन आल्ता. रामनवमीले बोलावलं हाय तुले. काईतरी कार्यक्रम हाय म्हणे म्हाताऱ्याचा."

फोनवर सांगून टाकावं असं तिनं ठरवलं. धरमसिंगनं फोन उचलला, आणि ती काही बोलायच्या आत त्यानं एवढं सांगितलं, एवढं सांगितलं, की तिच्या तोंडून "येतो बाबा" एवढंच बाहेर पडलं.

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेला माणसांचा पूर येतो. फाट्यापासून वाहनांची रांग लागलेली, ट्रॅक्टर, टेम्पो, पायी चाललेल्या बायांचे घोळके. तांड्यावर घरोघरी पाहुणे होते आणि म्हणूनच धरमसिंगनं हा दिवस धरला होता. पोरांना अभ्यासाला बसायला तांड्यानं एक खोली बांधली होती. तिला प्रेमसिंगचं नाव दिलं होतं. आणि बाहेरच्या भिंतीवर, मानोऱ्याच्या पेंटरकडून, निळ्या रंगात एक झाड काढून घेतलं होतं. ठिपके, रेघा, प्रत्येक ठिपक्याला आकडा, प्रत्येक रेघेवर वजाबाकी. निबंधाच्या पहिल्या पानावरचं चित्र. त्याखाली मराठीत, मोठ्या अक्षरात, 'प्रेमसिंगचे प्रमेय', आणि त्याखाली पूर्ण विधान, की या कुळातल्या प्रत्येक झाडाला असे आकडे देता येतात.

भिंतीवर काढलेल्या त्या एका झाडाचे आकडे बरोबर होते. ज्योत्स्नानं उभ्या उभ्या ते मनात तपासले. खालचं वाक्य तेवढं कोणी सिद्ध केलेलं नव्हतं.

नारळ फुटला. तिला बोलायला लावलं. प्रेमसिंग कसा शिकवायचा, पोरांची टवाळी न करता चूक कशी दाखवायचा, हे ती बोलली. प्रमेयाचा शब्द तिनं काढला नाही आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. म्हाताऱ्यानं तिच्या खांद्यावर शाल टाकली.

पाहुणे जेवायला बसले तेव्हा ती धरमसिंगला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेली. तिथं बकऱ्या बांधल्या होत्या.

"बाबा, मले एक सांगाचं हाय."

"सांग ना, पोरी."

तिनं सांगितलं. सोपं करून, एकदा नाही तर दोनदा. म्हाताऱ्यानं पूर्ण ऐकून घेतलं. तो बराच वेळ बकरीच्या पाठीवर हात फिरवत राहिला.

"म्हंजे पोराचं चुकलं?"

"हाव. माह्याबी ध्यानात आलं नाई. माह्याबी चूक हाय त्यात."

"तू तुही चूक मंधात नको आणू. पोराचं चुकलं का नाई, तेवढं सांग."

"चुकलं, बाबा."

"तो असता तं त्यानं नीट केलं असतं?"

हो म्हणणं किती सोपं होतं. "माईत नाई," ती म्हणाली. "मले वाटते, ते नीट होण्यासारखंच नाई."

"हे कोणाकोणाले माईत हाय?"

"तिथं होते त्यायले. अन् आता तुमाले. पण मासिकाले पाठोलेला तो पेपर मले वापस घ्या लागते, बाबा. छापून आला तं खोटं छापून येईन. अन् मंग दुसऱ्या कोणी चूक दाखोली, तं ते जास्त वाईट."

"पेपर वापस घेतला तं नाव निघते?"

"पेपरच निघते, बाबा. नाव कशावर राहीन?"

धरमसिंग खाली बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "तू कायले गेली तिथं?" तो म्हणाला. "गेली नसती तं कोणी पुसलं असतं का? इथं आमी होतो, आमचं चाललं होतं."

"ते तवाबी खोटंच होतं, बाबा."

"खोटं होतं, पण होतं ना."

तेवढ्यात मागून चाहूल लागली. रुचिका उष्ट्या पत्रावळ्यांचं टोपलं घेऊन उभी होती. किती ऐकलं होतं कोण जाणे, पण चेहऱ्यावरून पुरेसं ऐकलेलं दिसत होतं.

"वहिनी," ज्योत्स्ना म्हणाली.

"लगन झालं तवापासून पाहून राह्यली मी," रुचिका म्हणाली. "कॉलेजातून आले की कागद. जेवतानी कागद. पोरगी तापानं फणफणली होती, मी एकटी दिग्रसले दवाखान्यात घेऊन गेली, हे इथं कागद घेऊन बसले होते. मी भांडो तं म्हणत, रुचिका, हे झालं की पाहाय, हे एकदा होऊ दे." तिचा आवाज चढला नाही. "मले वाटलं, काईतरी मोठं करून राह्यले. जगात राहीन असं. म्हणून मी बोलनं सोडून देल्लं. अन् तुमी आता म्हंता, ते नोतंच काई."

"असं नाई, वहिनी. त्यायनं जे..."

"मंग ते घरी काहून नाई बसले?" रुचिकानं विचारलं. "एवढे वरीस, आमच्यापाशी काहून नाई बसले ते?"

तिनं टोपलं तिथंच ठेवलं आणि ती पुढच्या अंगणात निघून गेली. पाहुण्यांना आणखी वाढायचं होतं.

ज्योत्स्नानं दुसऱ्याच दिवशी संपादकांना कळवलं. उत्तर लगेच आलं, सभ्य आणि कोरडं. निबंध लेखकांनी मागे घेतल्याची नोंद केली आहे. लेखकांनी, अनेकवचनात. एका लेखकाला कोणी विचारलं नव्हतं.

त्यानंतरचा सगळा उन्हाळा आणि पावसाळा ती त्या जोडणीवर बसली. लखननं सुरुवातीला चहा आणून दिला, मग नुसता डोकावून जाऊ लागला, मग तेही सोडलं. कॉलेजात प्राचार्यांनी एकदा हटकलं, वर्तमानपत्रातल्या त्या प्रमेयाचं पुढं काय झालं, तपासणी समितीला दाखवायला कागद पाहिजेत म्हणून. तिनं खरं सांगितलं. ते "अरेरे" म्हणाले आणि पुढच्या वर्षीच्या वेळापत्रकात तिचे तास कमी झाले. त्या दोन गोष्टींचा संबंध होता की नव्हता, हे तिनं विचारलं नाही.

भिंत तशीच राहिली. ती पुसून टाका असं धरमसिंगला सांगायची तिची छाती झाली नाही, आणि त्याच्या हातूनही ते झालं नसावं.

पोळ्याच्या सुमाराला तिला वाटलं, एक धागा सापडला. सगळ्या फांद्या वेगवेगळ्या लांबीच्या असल्या तर प्रेमसिंगची जोडणी बरोबर चालते. लहानसा निकाल, पण खरा. तिनं तो लिहून काढला. पहिलं नाव प्रेमसिंगचं, दुसरं आपलं. कित्येक महिन्यांनी ती त्या दिवशी पोटभर जेवली. पाठवण्याआधी जुने संदर्भ पाहून घ्यावेत म्हणून शोधायला बसली, तेव्हा दिसलं की हे कोणीतरी फार पूर्वीच, ती दोघं शाळेतही गेली नव्हती तेव्हा, करून ठेवलेलं होतं, आणि त्यांच्यापेक्षा सोप्या रीतीनं. तिनं फरहानाला लिहिलं. फरहानाचं उत्तर आलं, मला फार वाईट वाटतं.

रुचिका फोन उचलत नव्हती. धरमसिंगचा फोन दिवाळीपासून बंद लागत होता. शेवटी एका रविवारी ती उठली आणि तांड्यावर गेली. काय सांगायचं हे ठरलेलं नव्हतं. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

तांडा सामसूम होता. एकामागून एक दारांना कुलपं, अंगणात वाळकी पानं. ऊसतोडीच्या टोळ्या निघून गेल्या होत्या. प्रेमसिंगच्या घरापुढं भुरीबाई एकटी बसून बकरीला पाला खाऊ घालत होती.

"आई, रुचिकावहिनी कुठी हायत?"

"गेली. कोयत्यावर. तिच्या भावाच्या टोळीत." म्हातारीनं वर पाहिलं नाही. "पोरायले बी नेलं. बुढा बी गेला मागं, पोरं सांभाळाले."

"अन् पोरायची शाळा?"

भुरीबाईनं बकरीपुढचा पाला सारखा केला. प्रेमसिंगला या आईबापांनी कधी उसाच्या फडात नेलं नव्हतं, आश्रमशाळेत ठेवलं होतं. ते ज्योत्स्नालाही माहीत होतं. ती खाली मातीवर बसली.

म्हातारीनं पाल्याची शेवटची डहाळी बकरीपुढं टाकली आणि मग तिच्याकडं पाहिलं. "तू काय सांगाले आली आता?" तिनं विचारलं. "अजून काई खोटं निघालं का?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, म्हणजे मनाची तयारी करता येईल.

"नाई आई," ज्योत्स्ना म्हणाली. "काई नाई. अशीच आली."

"मंग भाकर खाऊन जाय. इतक्या दूर आली."

भुरीबाईनं आतून अर्धी भाकर आणि तिखट आणलं. आपल्या एकटीपुरतंच तिनं केलं असणार. ज्योत्स्नाला नको म्हणायचं होतं, पण म्हातारी समोर बसून पाहत होती, म्हणून ती खात गेली. दोघींच्या मधून बकरी इकडून तिकडं गेली.

निघताना तिनं म्हातारीच्या पाया पडायला हात पुढं केला. भुरीबाईनं पाय मागं घेतले नाहीत, आशीर्वादही दिला नाही. ज्योत्स्ना उन्हात चालत फाट्यावर आली. एक जीप आली, माणसांनी खचाखच भरलेली. तिनं हात केला, पण ती थांबली नाही. दुसरी केव्हा येईल हे विचारायला फाट्यावर कोणी नव्हतं.